थकबाकीचा श्रीगणेशा

पुणे महापालिकेच्या हद्दीत ज्यांचं घर आहे, घराला पट्टी आहे आणि पट्टीला बाकी आहे, अशा नवशिक्यांसाठी ही पाठमाला लिहिली आहे. मुरलेल्या थकबाकीदारांना यातून शिकण्यासारखं काही नाही. उलट त्यांनीच एखादा शनिवार-रविवार वर्ग घेतला तर समाजाचं भलं होईल. हद्दीबाहेरच्या वाचकांनाही वाचायला हरकत नाही, कारण नाव घरपट्टी असो, मिळकतकर असो की मालमत्ता कर, न भरल्यावर जे होतं ते थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच होतं. फक्त मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करच माफ आहे. हे वाक्य पुणेकरांनी मोठ्याने वाचू नये.

सुरुवातीलाच एक पात्रता चाचणी. आपण केंद्र सरकार आहात का? असाल तर पुस्तिका मिटा. संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक करांतून सूट आहे. नसाल तर पुढे वाचा.

पाठ पहिला : बिल पाहणे

बिल वर्षाचं येतं, पण आत ते दोन सहामाह्यांत तोडलेलं असतं: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नवशिका सगळ्यात खालची एकूण रक्कम बघतो, “एवढी?” म्हणतो आणि बिल फ्रिजवर ठेवतो. फ्रिजवर आधीच गॅसची पावती, लग्नाची एक पत्रिका आणि मागच्या वर्षीचं बिल असतं. थकबाकीदार घडतो तो इथे. ठरवून कर बुडवणारे वेगळे. बहुसंख्य लोक फ्रिजवरून थकबाकीत जातात.

तर बिल खाली उतरवा आणि वरून वाचा. सर्वसाधारण कर, सफाई पट्टी, अग्निशमन कर, वृक्ष कर, पथकर, शिक्षण कर अशी रांग दिसेल. वृक्ष कर भरूनही आमच्या दारातलं झाड तोडलं, पथकर भरूनही रस्त्यात खड्डा आहे, हे मुद्दे काढू नका. खिडकीपलीकडच्या माणसाने ते आधीच ऐकलेले असतात, तेही तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मुदतीत भरणाऱ्याला जी ५ किंवा १० टक्के सूट मिळते, ती या रांगेतल्या फक्त पहिल्या माणसावर, म्हणजे सर्वसाधारण करावर मिळते. करपात्र मूल्य २५ हजारांच्या आत असेल तर १०, वर असेल तर ५. एकूण बिलाच्या मानाने ती सूट त्याहून बरीच कमी भरते. घरावर सौरयंत्रणा किंवा पावसाचं पाणी मुरवण्याची सोय असेल तर आणखी थोडी मिळते. ही सूट मेअखेरपर्यंत असते, कधी जूनअखेरपर्यंत मुदत वाढते. आपण मात्र थकबाकीदार आहोत, तेव्हा या परिच्छेदाचा उपयोग फक्त हळहळण्यापुरता.

आता नाव बघा. पुष्कळ घरांत बिल अशा माणसाच्या नावाने येतं, ज्याच्या फोटोला हार आहे. पेठ निरीक्षक दारात येतो तेव्हा संवाद साधारण असा होतो.

“मिळकतदार आहेत का घरात?”

“सासऱ्यांच्या नावावर आहे हो. ते जाऊन झाली की बारा-तेरा वर्षं.”

“आमच्याकडे आहेत अजून, काकू. आणि त्यांच्याकडे सहा वर्षांची बाकी आहे.”

यावर काकूंनी धाकट्या दिरांचं नाव सांगायचं, धाकट्या दिरांनी नागपूरच्या नणंदेचं, आणि नणंदेने फोनवर म्हणायचं की आम्ही त्या घरात राहतच नाही तर आम्ही का भरायचं. हा वाद पिढीजात असून त्याचा पट्टीशी काही संबंध नाही. महापालिकेला वारसांच्या भांडणात रस नसतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १४१ ने मिळकतकर हा त्या इमारतीवर आणि जमिनीवर पहिला बोजा ठरवला आहे. त्याच्या आधी फक्त जमीन महसूल. म्हणजे पैसे कोण देणार हे भिंतींनी बघायचं नाही, पण देणं भिंतींवर आहे. वारसनोंद करून घ्या. त्याला मृत्यूचा दाखला लागतो, वारसांचे कागद लागतात, आणि नणंदेची सही लागते, जी सगळ्यात महाग पडते.

पाठ दुसरा : शास्ती

मुदत उलटली की शास्ती सुरू होते, दरमहा २ टक्के. पहिल्या सहामाहीची साधारण १ जुलैपासून, दुसरीची १ जानेवारीपासून. २ हा आकडा लहान दिसतो म्हणूनच तो तसा छापलेला असावा. वर्षाला हे २४ टक्के झाले. आयकर थकला तर दिल्लीवाले दरमहा १ टक्का व्याज घेतात. म्हणजे ज्याची सगळ्यांना धास्ती वाटते त्या आयकर खात्यापेक्षा आपली घरची महापालिका दुप्पट महाग आहे, आणि तरीही लोक आयकर वेळेवर भरतात आणि घरपट्टी फ्रिजवर ठेवतात.

उदाहरण सोडवू. १२ हजार रुपये बाकी आहे. दरमहा २४० रुपये शास्ती. वर्षाला २,८८०. पन्नास महिन्यांनी, म्हणजे चार वर्षं दोन महिन्यांनी, शास्ती मुद्दलाएवढी होते: १२ हजारांवर आणखी १२ हजार. इथे घरातले एखादे आजोबा दामदुपटीचा नियम काढतील. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी घेता येत नाही, सावकाराला ते चालत नाही, असं ते म्हणतील, आणि सावकाराच्या बाबतीत ते बरोबर आहेत. जुन्या मुंबई इलाख्यात हा नियम कोर्टांनी मानलेला आहे. पण घरपट्टी म्हणजे कर्ज नव्हे. एकावन्नाव्या महिन्यात शास्ती थांबत नाही. ती पुढच्या २४० रुपयांकडे चालू लागते.

शिवाय १२ हजारांचं एकच बिल थकत नाही. त्याच्यामागून पुढच्या वर्षीचं येतं, त्यामागून त्याच्या पुढचं, आणि प्रत्येकाची शास्ती आपापल्या तारखेपासून स्वतंत्र धावते. ऑनलाइन बाकी बघितली की नवशिका म्हणतो, “काहीतरी चूक आहे.” चूक बहुधा नसते. याच वेळी त्याच्या नावावर बँकेत सात टक्क्यांची मुदत ठेव असते आणि ती मोडायची नाही असं त्याने ठरवलेलं असतं, कारण मुदतीआधी मोडली तर एक टक्का कापतात.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकांसाठी तळटीपेऐवजी इथेच: तुमच्याकडे आणखी एक शास्तीकर होता. २००८ च्या दुरुस्तीने आलेला, अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट. तो वेगळा प्राणी. त्याच्या माफीसाठी मोर्चे निघाले, निवडणुकांत आश्वासनं झाली आणि २०२३ मध्ये तो माफ झाला. त्यावरून पुण्यातल्या माणसाने आपली २ टक्क्यांची शास्तीही आपोआप जाईल असं समजू नये.

पाठ तिसरा : बिलच चुकीचं आहे असं सिद्ध करणे

हा मार्ग सगळ्यांना आवडतो आणि थोड्यांनाच लागू पडतो. पण ज्यांना लागू पडतो त्यांचे खरोखर हजारो रुपये वाचतात, म्हणून इथे चेष्टा थोडी आवरतो.

पहिलं बघायचं ते हे, की घरात तुम्ही स्वतः राहता आणि बिल मात्र भाडेकरू असल्यासारखं लावलेलं आहे का. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मिळकतदाराला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत होती, ती १९७० च्या ठरावापासून. मग मधल्या काळात लेखापरीक्षणातून आक्षेप आले, सवलत काढली गेली, घरोघरच्या पाहणीत कुणी नव्हतं म्हणून कुणाची गेली, आणि लोकांना मागच्या फरकासकट बिलं आली. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. परत दिली म्हणजे घरी आणून दिली नाही. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा लागतो आणि आपण आपल्याच घरात राहतो याचे पुरावे जोडावे लागतात: सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड, असं काहीबाही. तीस वर्षं एका घरात काढलेल्या माणसाला “तुम्ही इथे राहता कशावरून?” असं विचारलं की त्याचा जो संताप होतो तो मी समजू शकतो. पण संताप हा पुरावा धरत नाहीत. अर्ज भरा.

दुसरं, दुबार आकारणी. जुना वाडा पाडून इमारत झाली, नवीन सदनिकांना नवे मिळकत क्रमांक पडले आणि वाड्याचा जुना क्रमांक कुणी बंदच केला नाही. तो वाडा जमिनीवर नसला तरी दफ्तरात उभा असतो आणि त्याची बाकी वाढतच असते. पाडल्याचा दाखला, भोगवटापत्र आणि दोन्ही क्रमांकांची बिलं घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जा. तिथून तुम्हाला मुख्य खात्यात पाठवतील आणि मुख्य खात्यातून क्षेत्रीय कार्यालयात. या दोन्हींच्या मध्ये चहाची बरी टपरी कुठे आहे हे आधी हेरून ठेवावं. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही स्वतःला लिहिलेलं पत्र.

तिसरं, वापराचा प्रकार. तळमजल्यावरची खोली कधीकाळी शिवणाच्या क्लासला दिली होती. क्लास बंद होऊन दहा वर्षं झाली, पण बिलात ती अजून बिगरनिवासी आहे. बिगरनिवासीचा दर वेगळा, वर रोजगार हमी करही. हे सहज सुधारता येतं, फक्त कुणीतरी सांगायला हवं. उलट प्रकारही असतो, म्हणजे वर क्लास जोरात चालू आणि बिलात निवासी. त्यांनी हा पाठ वगळून पुढे जावं आणि दुरुस्तीसाठी निरीक्षकाला मुद्दाम घरी बोलावू नये.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर कायद्यात अपील आहे. कलम ४०६. न्यायालयात जायचं, पण पंधरा दिवसांच्या आत, आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली हवी, आणि वादातली रक्कम आधी महापालिकेत भरलेली हवी. रक्कम भरायला असती तर माणूस वाद घालायला कशाला गेला असता, हा प्रश्न अधिनियमाने विचारात घेतलेला दिसत नाही. मोठ्यांना हे परवडतं. मोबाइल मनोऱ्यांच्या कंपन्या मनोरा म्हणजे इमारत की यंत्र हा वाद घालत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१६ मध्ये तिथे हरल्या. तुमच्या गॅलरीच्या वादासाठी एवढं लांब जाण्याआधी वकिलांची फी आणि बाकी शेजारी शेजारी लिहून पाहा.

पाठ चौथा : हप्ते

हप्ते मागता येतात. मिळतीलच असं नाही. ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि तुमच्या बाकीच्या आकारावर आहे. पुढच्या तारखांचे धनादेश देऊन वेळ मिळवणं ही जुनी रीत. त्यातला एखादा वटला नाही की आतापर्यंत दिवाणी असलेलं प्रकरण परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी होतं. घरपट्टी थकवली म्हणून तुरुंगात गेलेला माणूस विरळा, धनादेश न वटल्यामुळे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे मात्र गल्लीत एक-दोन सापडतील. तेव्हा खात्यात पैसे नसतील तर उदारपणे सही करू नका. जे जमेल ते थोडं थोडं भरा. ते आधी जुन्या बाकीत जातं, पण ज्या रकमेला कात्री लागली तिची शास्ती तरी थांबते. मोठी बाकी असलेल्या माणसाला दोन हजार भरणं हास्यास्पद वाटतं, आणि खिडकीवरचा कारकून तसं बघतोही. बघू द्यावं.

पाठ पाचवा : अभय

आता आपण या शास्त्राच्या गाभ्याशी आलो. थकबाकीदाराला कलियुगातही अभय मिळतं. महापालिका अधूनमधून अभय योजना जाहीर करते: ठरावीक मुदतीत मुद्दल एकरकमी भरा, शास्तीतले अमुक टक्के सोडले. पुण्यात २०२० च्या ऑक्टोबरात ८० टक्के सोडले होते. २०२५ च्या १५ नोव्हेंबरला सुरू झालेल्या योजनेत ७५ टक्के. तिची पहिली मुदत १५ जानेवारी २०२६ ला संपत होती. त्याच दिवशी पुण्यात महापालिकेचं मतदान झालं. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध असेलच असं मी म्हणत नाही.

नवशिक्याने इथे पेन्सिल घ्यावी. २४ टक्क्यांतले ७५ टक्के माफ झाले की राहिले ६. म्हणजे ज्याने चार वर्षं बिल भरलं नाही, त्याने शेवटी वर्षाला सहा टक्क्यांनी पैसे वापरले. जामीनदार नाही, सिबिल नाही, प्रक्रिया शुल्क नाही, घराची कागदपत्रं गहाण ठेवलेली नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी बँकेत गेलात तर या दराने कुणी उभं करणार नाही. आणि शेजारच्या जोशीकाकूंनी, ज्या दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात छत्री घेऊन उन्हात रांगेत उभ्या राहतात, त्यांनी काय मिळवलं? सर्वसाधारण करावरची ती सूट. काकूंनी वेळेवर भरलेल्या पैशांतून रस्त्यावरचे दिवे लागले, आणि त्या दिव्यांखालून चालत जाऊन थकबाकीदाराने अभय घेतलं.

हा हिशेब महापालिकेतल्या लोकांना कळत नाही असं नाही. नगरसेवकांना तर चांगलाच कळतो. दर वेळी कुणीतरी सभेत म्हणतं की प्रामाणिक करदात्यांवर अन्याय होतो, दर वेळी उत्तर येतं की पैसा अडकून पडण्यापेक्षा आलेला बरा, आणि दोन्ही बाजूंचं खरं असतं. हीच रीत मुंबईपासून दिल्लीपर्यंत आहे. राज्याने २०२३ च्या डिसेंबरात जुन्या दस्तांच्या मुद्रांक शुल्कासाठी अभय योजना काढली. केंद्राने आयकराच्या वादांसाठी ‘विवाद से विश्वास’ २०२० मध्ये काढली आणि २०२४ मध्ये पुन्हा काढली. पहिल्यांदाच सगळ्यांचा विश्वास बसला असता तर दुसरी काढावी लागली नसती.

मग सल्ला काय, थांबावं? हिशेब सांगतो की थांबावं, पण हिशेबात एक खोच आहे. अभय कधी येईल हे कुणाला ठाऊक नसतं. २०२१ नंतर थांबायला बसलेला माणूस बराच काळ थांबला आणि त्या काळात पुढे सातव्या पाठात येणाऱ्या गोष्टी त्याच्या दारात आल्या. अटीही दर वेळी बदलतात. बाकीची कमाल मर्यादा असते, आधी लाभ घेतलेल्यांना वगळलेलं असू शकतं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे एकरकमी. ज्याने चार वर्षं पैसे मुदत ठेवीत ठेवले त्याला एकरकमी जमतं. ज्याच्याकडे खरोखरच पैसे नव्हते, ज्याचं दुकान करोनात बसलं, ज्या विधवा बाईला वर्षाचं बिल भरायलाही भिशी लागते, तिला योजनेच्या दोन महिन्यांत मुद्दल आणि पंचवीस टक्के शास्ती कुठून आणायची? अभय त्याला मिळतं ज्याला भीती नव्हतीच. बाईला मात्र २४ टक्के पुरेपूर पडतात, कारण योजना संपल्यावर तिच्याकडे पैसे जमतात. ही एक गोष्ट मला या सगळ्या खेळात विनोदी वाटत नाही.

तिला सांगायचं ते एवढं: योजना जाहीर झाली की पहिल्या दिवशी नागरी सुविधा केंद्रात जाऊन अचूक आकडा लिहून घ्या, आणि सोनं ठेवून पैसे उचलायचे असतील तर ते याच दोन महिन्यांत उचला. सोन्यावरचं व्याज शास्तीपेक्षा स्वस्त पडतं.

पाठ सहावा : लोकअदालत

थकबाकीदाराला एक दिवस कोर्टाच्या नावाचं पाकीट येतं आणि घरात गोंधळ उडतो. घाबरू नका, ते राष्ट्रीय लोकअदालतीचं बोलावणं असतं. खटला दाखल झालेला नसतो, म्हणून याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. जायचं, टेबलापाशी बसायचं, महापालिकेचा माणूस आकडा सांगतो, सवलत असेल तर सांगतो, पटलं तर तडजोड लिहायची. मुद्दलाला हात लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. आपण तिथे मोठेपणा म्हणून “महिन्याभरात भरतो” म्हणालात तर ते वाक्य आता घरातलं राहिलेलं नसतं.

पाठ सातवा : काहीच न करणे

हा सर्वांत लोकप्रिय मार्ग. क्रम असा असतो. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग फोन, मग जप्तीचं अधिपत्र. जंगम मालाची जप्ती करायची तर कायद्याने काही वस्तू सोडलेल्या आहेत: अंगावरचे लागणारे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची आणि जेवायची भांडी, कारागिराची हत्यारं. दूरचित्रवाणी संच सोडलेला नाही. नवशिक्यांनी घरातल्या वस्तूंकडे एकदा या नजरेने बघून घ्यावं, बऱ्याच गोष्टींची किंमत नव्याने कळते.

व्यवहारात मात्र अधिकारी टीव्ही उचलत नाहीत. दुकान किंवा कार्यालय असेल तर ते टाळं लावून सील करतात, आणि सील झालेल्या दुकानाचा मालक चोवीस तासांत पैसे कुठून आणतो हे अर्थशास्त्राला अजून न सुटलेलं कोडं आहे. राहत्या घराला सील करणं सोपं नाही, म्हणून राहत्या घरासाठी बँड आहे.

होय, बँड. आर्थिक वर्ष संपत आलं की पुण्यात महापालिकेचं पथक वाजंत्री घेऊन थकबाकीदाराच्या दारात जातं. लाल कोट, पितळी कर्णे, एक ढोल, आणि मागे फाइल धरलेला निरीक्षक. गल्लीतली पोरं पुढे येऊन नाचायला लागतात, वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत येऊन विचारते “कुणाचं आहे हो?” आणि खालून कुणीतरी तिला थकबाकीदाराचं नाव ओरडून सांगतं. अशा प्रसंगी करायचं काय? दिवे घालवून आत बसू नये. बँड थांबत नाही आणि आत अंधारात जास्त मोठा ऐकू येतो. बाहेर यावं, निरीक्षकाला “या ना आत” म्हणावं, पाणी द्यावं आणि धनादेशाचं पुस्तक शोधण्याचं नाटक न करता खरंच शोधावं. बँडवाल्यांना टीप देण्याची पद्धत नाही, पण कोणी दिली तर ते नाही म्हणत नसावेत.

त्यापुढची पायरी स्थावर मालमत्तेची जप्ती आणि लिलाव. लिलावाला बोली लावायला कुणी येईलच असं नाही, कारण दुसऱ्याच्या जप्त घराला हात लावायला आपल्याकडे लोक कचरतात. यावर विसंबून राहणारे थकबाकीदार मला माहीत आहेत आणि त्यांचं धाडस कौतुकास्पद आहे. पण बोजा जात नाही आणि शास्ती तर नाहीच नाही.

पाठ आठवा : निवडणूक लढवणे

थकबाकी एका दिवसात शून्यावर आणण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे महापालिकेच्या निवडणुकीचा अर्ज भरणं. विशेष नोटीस मिळाल्यावर तीन महिन्यांत बाकी न भरणारा माणूस नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो, अशी तरतूद त्याच १९४९ च्या अधिनियमात आहे. आणि अर्ज भरताना बाकी नसल्याचा दाखला जोडलेला असला की छाननीत कटकट राहत नाही. त्यामुळे अर्ज भरण्याच्या आठवड्यात कर खात्याच्या खिडक्यांवर जी माणसं दिसतात ती एरवी तिथे कधीच दिसत नाहीत. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे निरीक्षक फेऱ्या मारून दमले, ते स्वतः चालत येतात, पांढरे कपडे घालून, आणि पावतीची प्रत तीन-तीन मागतात. पुण्यात २०१७ नंतर थेट २०२६ मध्ये निवडणूक झाली, त्यामुळे मधली नऊ वर्षं हा मार्ग बंद होता. वसुलीचं त्यामुळे किती नुकसान झालं याचा हिशेब कुणी तरी मांडायला हवा.

परिशिष्ट : घर विकत घेणाऱ्यांसाठी

सगळ्यात सोपी थकबाकी ती, जी दुसऱ्याने केली आणि तुम्हाला मिळाली. वर सांगितलेलं कलम १४१ आठवा. बोजा घरावर आहे, म्हणून घर घेतलंत की बाकीही घेतलीत. विकणारा म्हणतो, “टॅक्स क्लिअर आहे हो, त्याची काळजी नको.” मध्यस्थ म्हणतो, “साहेब शब्दाचे पक्के आहेत.” तुम्हीही सभ्य माणूस, पुन्हा विचारायला संकोचता. खरेदीखत होतं, पेढे वाटले जातात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मागच्या सात वर्षांचं बिल तुमच्या नावाने येतं, कारण नाव बदलण्याची तत्परता तेवढी तुम्ही दाखवलेली असते.

तेव्हा विकणाऱ्याच्याच दिवाणखान्यात बसून मिळकत क्रमांक मागा. तिथल्या तिथे मोबाइलवर महापालिकेच्या संकेतस्थळावर टाका. चक्र फिरत असताना ते चहा आणतील, हवापाण्याचं बोलतील, इमारतीतल्या सुधारलेल्या लिफ्टबद्दल सांगतील. तुम्ही पडद्याकडे बघत राहा. आकडा आला की तो मोठ्याने वाचायचा, आणि विसार देणं तोवर थांबवायचं.